प्रकल्प नोंदी: मेंझीस, मिंगिस, मेन३ईस

१४ जानेवारी २०२४

कुलवृत्तांताच्या तिसऱ्या आवृत्तीची अक्षरजुळणी आजपासून माझ्याकडे. मागची आवृत्ती डीटीपीवर झाली होती. तिच्या जुन्या फायली युनिकोडमध्ये आणल्या आणि ज्याची भीती होती तेच झालं: सगळे ऱ्ह आणि ऱ्य मोडले. 'कऱ्हाडे' जिथे तिथे 'कर्हाडे', 'साताऱ्याचे' ते 'सातार्याचे'. दुपारभर शोधा-बदला. बाबांच्या छापखान्यात अक्षराचा खिळा कमी पडला की त्यातल्या त्यात जवळचा दिसेल तो लावायचे, आता तेच काम यंत्र करतं.

हात चालतोच आहे तर जुन्या नोंदींतली अशुद्धंही काढून टाकली. भागिर्ती, साईत्री, दुर्गी अशी पणज्यांची नावं पडलेली होती. भागीरथी, सावित्री, दुर्गा केली. छान दिसतंय.

माहेरवाशिणींच्या यादीत एकच नोंद अडली. धाकट्या पुतणीचं सासर एडिंबरा. सासरचं आडनाव एम-ई-एन-झेड-आय-ई-एस. मी 'मेंझीस' लिहिलं आणि खात्रीसाठी तिला पाठवलं. उत्तर आलं: "आत्या, तसं नाही म्हणत ते. मिंगिस."

मला वाटलं चेष्टा करतेय.

१७ जानेवारी

जावयांनी आवाज रेकॉर्ड करून पाठवला. सहा वेळा ऐकला. मिंगिस म्हणावं तर ग ऐकू येत नाही, मिनिस म्हणावं तर न नाही. शेवटी त्यांनीच समजावलं: इंग्रजीतल्या 'सिंगर'मध्ये जे आहे ते, 'फिंगर'मध्ये जे आहे ते नव्हे. आपण दोन्हीकडे ठसठशीत ग म्हणतो, त्यामुळे या खुलाशाचा मला अर्धा दिवस उपयोग झाला नाही.

मग उलगडलं. हा तर ङ. क ख ग घ नंतरचा, शाळेत घोकला आणि पुढे 'वाङ्मय' सोडून कुठे भेटला नाही तो. म्हणजे नेमकं लिहायचं तर 'मिङिस'. आमच्या घराण्यात हे वाचू शकतील अशी माणसं तीन, त्यातले एक संस्कृतचे मास्तर होते.

पण स्पेलिंगमध्ये झेड का? हा प्रश्न कुलवृत्तांतात येणार नाही, तरी डोक्यातून जात नाही.

२ फेब्रुवारी

सापडलं. तो झेड नाहीच.

मध्ययुगीन इंग्रजीत आणि स्कॉट्स भाषेत एक अक्षर होतं, त्याचं नाव योख. दिसायला जवळजवळ आपल्या ३ सारखं, शेपूट ओळीच्या खाली गेलेलं. स्कॉट्समध्ये ते बहुतेक य च्या जागी येई. न च्या पुढे ते आलं की उच्चार 'न्य', म्हणजे आपला ञ. तेव्हा आडनाव मुळात असं लिहिलेलं: मेन३ईस. आणि म्हणत 'मेन्यीस'च्या जवळपासचं काहीतरी.

मग छपाई आली. एडिंबऱ्यात चेपमन आणि मिलर या दोघांना राजा चौथ्या जेम्सने १५०७ साली छापखान्याची सनद दिली, १५०८ साली त्यांची पहिली पुस्तकं निघाली. मिलर फ्रान्समध्ये रुआँला छपाईचं काम केलेला माणूस, आणि खिळेही तिकडच्याच घडणीचे. फ्रेंचांना योखची गरज नव्हती, त्यामुळे खिळ्यांच्या पेटीत योखचा कप्पाच नाही. स्कॉटिश हस्ताक्षरात शेपटीचा झेड आणि योख असेही एकसारखेच काढत. जुळाऱ्याने हस्तलिखितात बघितलं, पेटीत बघितलं, झेड उचलला. मी त्याच्या जागी असते तर तेच केलं असतं. 'कर्हाडे' तसंच तर झालंय.

वाचणाऱ्यांना सुरुवातीला काही अडचण नव्हती. नाव तोंडपाठ असल्यावर कागदावर काय आहे याला कोण विचारतो? पुढे योख विसरला गेला, झेड राहिला, आणि परका माणूस आला की 'मेंझीस' म्हणू लागला.

ञ चा ङ कसा झाला हे वर्णमालेच्या तक्त्यावर बोट ठेवून समजतं. ञ ला जीभ टाळूच्या मध्यावर टेकते, ङ ला तीच मागे सरकते. एक घर मागे. स्कॉट्स बोलीत हे बऱ्याच शब्दांत झालं. इंग्रजी पुस्तकं हे समजावायला पानभर घेतात, आपल्याकडे तक्त्यात शेजारचे रकाने आहेत.

५ फेब्रुवारी

याच झेडची आणखी माणसं आणि गावं, पुतणीने पाठवलेली. उच्चार तिने आजूबाजूच्या लोकांकडून ऐकून लिहिलेत.

डॅल्झीएल असं दिसणारं आडनाव म्हणतात 'दीएल'. ब्रिटिश संसदेत गाजलेले टॅम डॅलयेल यांचं आडनाव हेच, फक्त त्यांच्याकडे झेडच्या जागी वाय. शेटलंड बेटांत तेच घराणं आवाजाप्रमाणे 'डी-ई-वाय-ई-एल-एल' लिहितं. तीन स्पेलिंगं, एकच हाक. शेटलंडचं सरकारी नाव पुष्कळ वर्षं 'झेटलंड' होतं, तेही याच अक्षरामुळे. एअरशरमधला कल्झीन दिसणारा किल्ला 'कलेन'. रानकोंबडीच्या जातीचा एक मोठा पक्षी आहे, कॅपरकेली, त्याच्याही जुन्या स्पेलिंगात झेड घुसलेला.

लेन्झी नावाच्या गावाने मात्र हार मानली. तिथे आता सगळे झेडच म्हणतात.

२५ फेब्रुवारी

समितीची बैठक, आप्पांच्या घरी. पोहे उत्तम, चर्चा बेताची.

आप्पांचं म्हणणं सरळ: "पासपोर्टवर जे आहे ते छापा. मेंझीस. उद्या कोणी शोधायला गेलं तर त्याला झेडच दिसणार." मी म्हटलं, जावयांना हाक मारताना काय म्हणणार? आप्पा म्हणाले, "हाक नावाने मारतात, आडनावाने नाही."

यावर मला तिथे उत्तर सुचलं नाही. घरी येताना रिक्षात सुचलं. १९५६ साली सुएझच्या भानगडीत नासेरशी बोलणी करायला गेलेले ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान रॉबर्ट मेंझीस, आडनाव तेच. ऑस्ट्रेलियात सगळे झेड म्हणत. पण त्यांचं टोपणनाव 'मिंग'. आणि लिबरल डेमोक्रॅट पक्षाचे माजी नेते मेंझीस कॅम्बेल, तरुणपणी १९६४च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये धावलेले, त्यांना अख्खं ब्रिटन 'मिंग कॅम्बेल' म्हणायचं. झेडमधून मिंग कसा निघेल? जुना उच्चार टोपणनावात लपून बसलाय.

आप्पांना रात्री मेसेज केला. अंगठा आला.

९ मार्च

आडनावाचं मूळ. आज हात धुऊन बसले.

घराणं मुळात स्कॉटिश नाहीच, नॉर्मंडीचं. रुआँच्या उत्तरेला मेनिएर नावाचं गाव आहे, त्यावरून आडनाव. म्हणजे गावकर पद्धत: आगाशीचे ते आगाशे, मेनिएरचे ते 'द मेनिएर'. इंग्लंडमधल्या रटलंडच्या ड्यूक घराण्याचं आडनाव मॅनर्स, तेही याच गावचे असं मानतात. म्हणजे मॅनर्स आणि मिंगिस एका गावचे भाऊबंद. इंग्लंडला गेलेल्या भावाने र सांभाळला, स्कॉटलंडला गेलेल्याने टाकला.

टाकला तो लगेच नाही. स्कॉटलंडचा चेंबरलेन म्हणजे राजाच्या खजिन्याचा कारभारी, त्या पदावर १२४९ साली सर रॉबर्ट द मेनर्स. र शाबूत. पुढच्या कागदांत मेनेरिस, मेग्नीस, मेंगीस, मेंझीस, मिंगीस. र विरघळत जातो आणि न च्या मागे काहीतरी ओलसर उरतं, ज्याला कोणी जी-एन लावतं, कोणी एन-वाय, कोणी योख.

यातली खरी मौज गेलिकमध्ये. डोंगराळ भागातले लोक गेलिक बोलत, आणि गेलिकमध्ये या घराण्याला म्हणतात 'मेन्यरख'. ञ आहे, आणि र पण आहे! इंग्रजी-स्कॉट्स कागदांत गेली कित्येक शतकं नसलेला र तिकडच्या बोलीने जपून ठेवला. गावातला माणूस शहरात गेला की नाव बदलतो आणि गावात म्हातारी त्याला जुन्याच नावाने हाक मारत राहते, तसं.

लक्षात आलेली दुसरी गोष्ट: मिलरने छपाई शिकली ते रुआँ आणि या घराण्याचं मूळ गाव एकाच मुलखातलं. आडनाव तिकडून आलं, आणि त्याचं वाटोळं करणारे खिळेही तिकडूनच.

३१ मार्च

जावयांच्या वतीने 'स्कॉटलंड्स पीपल' या सरकारी संकेतस्थळावर खातं काढलं. १ जानेवारी १८५५ पासून तिकडे जन्म, लग्न, मृत्यूची सक्तीची नोंदणी. त्याआधीचं सगळं चर्चच्या वह्यांत, त्यातली सर्वांत जुनी १५५३ची. वहीच्या पानाची प्रतिमा बघायला क्रेडिट विकत घ्यावी लागतात. चुकीचं पान उघडलं तरी क्रेडिट जातातच, आज दोनदा गेली.

१८५५च्या पुढे वाट सरळ आहे. मृत्यूच्या दाखल्यात आईवडील दोघांची नावं, आईचं माहेरचं आडनावही. एकंदर तिकडे बायकांचं माहेरचं आडनाव कागदोपत्री चांगलंच टिकून आहे, थडग्यांच्या दगडांवरही. आमच्या पहिल्या आवृत्तीत 'यांस तीन मुली' एवढ्यावर तीन बायका आटोपल्यात.

१८५५च्या मागे गेलं की मात्र जंगल. जावयांच्या पणजोबांचे पणजोबा आणि त्यांची भावंडं, एकच बाप, एकच गाव, पण बाप्तिस्म्याच्या नोंदींत तीन स्पेलिंगं: एकदा झेडने, एकदा एन-जीने, एकदा नुसतं दोन एनचं 'मिन्निस'. वही लिहिणारा सेशन क्लार्क, पुष्कळदा गावचा शाळामास्तरच. समोरचा बाप्या म्हणाला ते त्याने लिहिलं. बाप्याला स्वतःला लिहिता येत असेलच असं नाही.

तास दीड तास ही तीन स्पेलिंगं बघत बसले. यातलं 'बरोबर' कुठलं? झेडवालं. आणि त्याने काय सांगितलं? काही नाही, झेड खोटंच बोलतोय. दोनशे वर्षांपूर्वी त्या गावात नाव कसं म्हणत हे कळतं ते उरलेल्या दोन 'चुकां'वरून. एन-जी लिहिणाऱ्याने ङ ऐकला होता. ज्याला शुद्धलेखन येत नव्हतं त्याचाच कान साक्षीदार म्हणून उपयोगी पडला.

रात्री अकरा. जानेवारीत मी भागिर्तीची भागीरथी केली होती.

१ एप्रिल

भागिर्ती, साईत्री, दुर्गी परत. जुन्या आवृत्तीशी पान पान ताडून बघितलं, एकूण सदतीस ठिकाणी हात घातला होता. एक 'येसू' होती तिची यशोदा केली होती. ती येसूच असेल, तिला आयुष्यात कोणी यशोदा म्हटलं नसेल. आप्पांना कळवलं नाही. एक एप्रिल आहे, विश्वास बसणार नाही.

२० एप्रिल

नामसूचीचं काम. अडचण अशी की एकाच माणसाला दोन-तीन लेखनांखाली शोधता आलं पाहिजे. भाच्याने, जो संगणकवाला आहे, साउंडेक्स सुचवलं. रॉबर्ट रसेल नावाच्या अमेरिकन माणसाने १९१८ साली पेटंट घेतलेली युक्ती: आडनावाचं पहिलं अक्षर ठेवायचं, पुढचे स्वर टाकायचे, उरलेल्या व्यंजनांना गटाप्रमाणे आकडे. ब, प, फ, व्ह ला १. क, ग, ज, स, झ सगळ्यांना २. ड, ट ला ३. ल ला ४. म, न ला ५. र ला ६. तीन आकडे झाले की थांबायचं, कमी पडले तर शून्य.

कागदावर करून बघितलं.

झेडचं मेंझीस: एम, मग न चे ५, झेडचे २, स चे २. एम-५२२.
जी चं मिंगिस: एम, न चे ५, ग चे २, स चे २. एम-५२२.

तंतोतंत एक! रसेलला योख माहीत असायचं कारण नाही. झेड आणि जी त्याने एका डब्यात टाकले ते वेगळ्याच हिशोबाने. पण पाचशे वर्षांपूर्वी जुळाऱ्याने घातलेला गोंधळ त्या डब्यात आपसूक मिटला. मॅकेंझी हे आडनाव आणि त्याचं जुनं रूप मॅकिंगी यांचंही तेच, दोघे एम-२५२.

सगळीकडे जमत नाही. 'मिन्निस' एम-५२०, कारण ग किंवा झ काहीच नाही. मूळचे मेनर्स एम-५६२, र मधे येतो. झेडवाला डॅल्झीएल डी-४२४, वायवाला डॅलयेल डी-४४०, शेटलंडचा डी-४००: एका घराण्याचे तीन पत्ते.

भाच्याला विचारलं, मराठीसाठी असं काही करता येईल का? तो म्हणाला, "मावशी, च आणि ज चे दोन-दोन उच्चार आहेत, आधी ते कुठल्या डब्यात टाकायचे सांग." चहा केला.

१८ मे

व्हिसा आला. पुतणीचे दिवस भरत आलेत, वहिनी जाणारच होती, सोबतीला मी. मेथीचे लाडू, डिंक, वेखंड, आणि कुलवृत्तांताची प्रुफं. डिंकाबद्दल विमानतळावर काय सांगायचं ते वहिनीने पाठ केलंय.

१२ जून, एडिंबरा

उजेड रात्री दहापर्यंत. झोप नाही, म्हणून नोंद मोठी.

जावयांनी ग्रेफ्रायर्सच्या चर्चच्या आवारात नेलं. तिथे सर जॉर्ज मॅकेंझी यांच्या थडग्यावरची घुमटी आहे. हे सतराव्या शतकातले राजाचे मुख्य वकील, १६९१ साली वारले. कव्हेनंटर पंथाच्या लोकांना त्यांनी इतकं छळलं की नाव पडलं 'ब्लडी मॅकेंझी'. नंतरच्या काळात शहरातली पोरं त्या घुमटीच्या दारापाशी जाऊन, हिंमत असेल तर बाहेर ये असं ओरडून पळत सुटायची. ओरडण्याचं एक बडबडगीतच होतं, आणि जावई म्हणाले त्यात नाव आहे 'मॅकिंगी'.

झेड नाही. गेलिकमध्ये हे 'मॅक कोन्यिख', म्हणजे कोन्याखचा मुलगा. कोन्याख म्हणजे इंग्रजीतला केनेथ. तोच ञ, तोच योख, तोच ङ, आणि मग तोच झेड. मेंझीस आणि मॅकेंझी अगदी एकाच अपघातात सापडले. फरक इतकाच की मॅकेंझींनी झेड स्वीकारला. आज जगात एकही मॅकेंझी स्वतःला मॅकिंगी म्हणवत नाही. भारताचे पहिले सर्व्हेअर जनरल कॉलिन मॅकेंझी, लुइस बेटावरच्या स्टॉर्नोवेचे, तेही आपल्याला झेडनेच ठाऊक. खरा उच्चार राहिला तो भूत बघायला गेलेल्या पोरांच्या तोंडी.

मी जावयांना विचारलं, तुम्ही का नाही सोडलं? ते जरा विचारात पडले. म्हणाले, त्यांच्या आजीला बँकेतल्या माणसाने झेडने हाक मारली तर ती जागची उठायची नाही.

परत येताना विचार करत होते ग्रँट डफचा. आपण साताऱ्याच्या १८१८च्या गोष्टींत सर्रास 'ग्रँट डफ' लिहितो. तेव्हा तो नुसता कॅप्टन जेम्स ग्रँट होता, बॅन्फचा. डफ लागला नंतर, १८२५च्या सुमारास, आईला तिच्या माहेरची जमीन मिळाली तेव्हा. मराठ्यांचा इतिहास १८२६ साली छापून आला तोवर नाव जोडून झालं होतं, आणि आपल्याकडे मुखपृष्ठावरचंच रुळलं. त्या पुस्तकात आपल्या नावांची जी स्पेलिंगं आहेत ती बघितली की फिटंफाट वाटते.

१६ जून, अॅबरफेल्डी

पुतणीला वहिनीवर सोपवून जावयांबरोबर पर्थशरला, वीम नावाच्या खेड्यात. वीम म्हणजे गुहा, गेलिक शब्द. तिथे कासल मेंझीस. घराण्याचं मूळ ठाणं, सोळाव्या शतकातलं. जाड भिंती, कोपऱ्यांवर छोटे बुरूज, आतून गार. फेब्रुवारी १७४६मध्ये चार्ल्स एडवर्ड स्टुअर्ट, म्हणजे ब्रिटनच्या गादीवर हक्क सांगणारा बॉनी प्रिन्स चार्ली, कलोडनच्या लढाईआधी माघार घेताना इथे दोन रात्री राहिला. त्या खोलीत आम्ही चार मिनिटं उभे राहिलो, मला पायऱ्या चढून दम लागला होता.

इमारतीचा आराखडा बघण्यासारखा. मधला लांबट वाडा आणि तिरक्या समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांना एक-एक मनोरा. स्कॉटलंडमध्ये अशा बांधणीला झेड आराखडाच म्हणतात. जावई म्हणाले, "आमच्या घरातला हा एकच खरा झेड."

मग मी त्यांना दारावरच्या ब्रीदवाक्याची आठवण करून दिली. मी घरून वाचून गेले होते, त्याला आपला इलाज नाही. 'विल गॉड आय झाल': देवाची इच्छा असेल तर मी करीन. इंग्रजी 'शॅल'च्या जागी झेडने सुरू होणारा 'झाल'. म्हणजे या घराण्यात झेड एकदा य असतो, एकदा श असतो, आणि झ फक्त बाहेरच्यांसाठी असतो. जावई ब्रीदवाक्य लहानपणापासून बघत आलेत, हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. मला उगाच फार बरं वाटलं.

मूळ सरदारांची थेट शाखा १९१० साली संपली, आठवे बॅरोनेट सर नील निपुत्रिक गेले. वाडा दुसऱ्यांच्या हातात गेला, पडायला आला, आणि १९५७ साली क्लॅन मेंझीस सोसायटीने म्हणजे भाऊबंदांच्या मंडळाने विकत घेऊन दुरुस्त केला. आमच्या कुलमंडळाकडे सध्या दोन कपाटं आणि एक सतरंजी आहे.

खाली बागेत झाडांच्या गप्पा. आर्चिबाल्ड मेंझीस, जन्म १७५४, इथलाच. कॅप्टन जॉर्ज व्हँकुव्हरच्या जहाजावर डॉक्टर आणि वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून जगप्रदक्षिणा केली. चिलीत जेवणानंतर ताटात आलेल्या बिया खिशात टाकल्या, जहाजावर रुजवल्या आणि १७९५ साली मंकी पझलची रोपं ब्रिटनमध्ये आणली असं सांगतात. डग्लस फर म्हणून जे झाड प्रसिद्ध आहे त्याच्या शास्त्रीय नावात 'मेंझीसी' आहे. बोलायचं नाव एका स्कॉट्समनला, लॅटिन नाव दुसऱ्याला. ते लॅटिन नाव जगभरचे वनस्पतिशास्त्रज्ञ झेडनेच म्हणतात. आर्चिबाल्डही आजीसारखाच जागचा उठत नसेल.

२७ जून

मुलगी झाली. पहाटे. दोघी खुशाल. बाकी काम बंद.

११ जुलै

स्कॉटलंडमध्ये जन्माची नोंद एकवीस दिवसांत करावी लागते. जावई निघाले होते, मी मागे लागले की मलाही बघायचंय.

छोटी खोली, टेबल, संगणक, टिश्यूचा डबा. नोंदणीवाल्या बाई पन्नाशीच्या. जावयांनी बाळाचं नाव सांगितलं. ते मराठी असल्यामुळे एकेक अक्षर करून तीनदा सांगावं लागलं. मधला व्ही की डब्ल्यू यावर पाच मिनिटं गेली. मग बाईंनी विचारलं, आडनाव?

जावई म्हणाले, "मिङिस." बाईंनी मान वर न करता टाइप केलं. एम, ई, एन, झेड, आय, ई, एस. एका शब्दाने विचारलं नाही.

मसुदा वाचायला दिला तेव्हा मी नाव नीट तपासलं. आमच्याकडच्या तीन अक्षरांत एक चूक होती, ती दुरुस्त केली. त्यांच्या सात अक्षरांत एकही नव्हती.

४ ऑगस्ट, पुणे

समितीत ठरलं ते असं. मजकुरात माणूस स्वतः म्हणतो तसं: जावई 'मिंगिस'. ङ चा आग्रह मी सोडला, लोक ग म्हणतील तर म्हणोत, निदान झ म्हणणार नाहीत. सूचीत दोन्ही, 'मेंझीस' पाशी 'मिंगिस पाहा'. हे आप्पांनीच सुचवलं, आणि मग स्वतःच मंजूर केलं. पंतप्रधान रॉबर्ट यांचं नाव आमच्या पुस्तकात येत नाही, पण आलं असतं तर मी 'मेंझीस'च लिहिलं असतं, ऑस्ट्रेलियात ते तसेच होते.

तळटीप एक, माझ्या हट्टाने, तीन ओळींची. त्यात जुनं रूप दिलंय: मेन३ईस. योखचा खिळा देवनागरी फाँटमध्ये नाही, तेव्हा त्यातल्या त्यात जवळचा लावला.

भागिर्तीच्या ओळीला आता लेकीसुनांसकट सात पिढ्या. सातवीत बाळ, जन्म २७ जून २०२४, एडिंबरा.

१९ ऑगस्ट

छापखान्यातून फोन. मुलगा चुणचुणीत आहे, आवाजावरून विशीतला. "मॅडम, फायनल पीडीएफ पाठवलीय. पान दोनशे चौदावर खाली तळटिपेत एका शब्दात चुकून आकडा घुसला होता, तीन. मी काढून टाकलाय."